ओपनबॉक्स टाकला आणि स्क्रीन नुस्ती मोकळी: पुढं काय काय बसवायचं

भावा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळंल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्कचं वर्कशॉप, ऑफिसात इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून डेबियन १३ हे लिनक्स टाकलंस, एक्सएफसीई या त्याच्या डेस्कटॉपसकट, तरी मशीन जड वाटतंय, कुणीतरी सांगितलं ओपनबॉक्स टाक, टाकलास, आणि लॉगिन केल्यावर मोकळी स्क्रीन. पॅनल नाही, वायफाय दिसेना, आवाज कमी-जास्त होईना, पेनड्राइव्ह लावला तर काहीच होईना, मराठी टायपिंग गेलं. आणि मशीनवर तू एकटा नाहीस, बिलं करणारी ताई आणि तुझा भाऊ पण बसतात.

पहिली गोष्ट, काहीही बिघडलेलं नाही. ओपनबॉक्स जेवढं करतो तेवढंच तुला दिसतंय. लिनक्सच्या एक्स सिस्टिममध्ये, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेत, विंडो मॅनेजर हा एक वेगळा प्रोग्राम असतो, आणि ओपनबॉक्स हा तसाच एक, त्याचं काम एवढंच की खिडकीला चौकट काढायची, ती हलवायची, लहान-मोठी करायची, कुठली पुढं कुठली मागं ते ठरवायचं, कीबोर्डचे शॉर्टकट ऐकायचे. ओपनबॉक्समध्ये वरून राइट क्लिकचा मेनू मिळतो, बास. वायफायचा आयकॉन, घड्याळ, पेनड्राइव्ह आपोआप उघडणं, पासवर्ड विचारणारी खिडकी, कॉपी केलेलं लक्षात ठेवणं, हे सगळं एक्सएफसीईमधले दहा-बारा छोटे प्रोग्राम गपचूप करत होते आणि ते आता चालू नाहीत. तुझ्या भाषेत सांगायचं तर लेथवर तू नुस्तं चक बसवलंयस, टूलपोस्ट, कूलंट, दिवा सगळं आता तुला हवं तेवढंच लावायचंय. हेच या पद्धतीचं खरं बळ आहे, आणि लोक वैतागून सोडतात ते पण इथंच.

आता एक गोष्ट मी आधीच स्पष्ट सांगतो कारण कुणी सांगत नाही. एक्सएफसीईवरून ओपनबॉक्सवर आल्यानं काहीशे एमबी रॅम वाचंल, पण तुझी रॅम खातोय तो ब्राउझर. जीएसटीचं पोर्टल, व्हॉट्सॲप वेब, बँक आणि मेल असे चार टॅब उघडले की ४ जीबीतलं निम्म्यापेक्षा जास्त तिथंच जातं, खाली विंडो मॅनेजर कुठला का असेना. टर्मिनलमध्ये फ्री कमांड -एच लावून चालव आणि शेवटचा ‘अव्हेलेबल’चा रकाना बघ, ‘फ्री’चा बघू नको, कारण लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशेला वापरतो, ती लागली की परत मिळते. सकाळी लॉगिन केल्यावर हा आकडा लिहून ठेव, दुपारी सगळं उघडं असताना परत बघ, म्हणजे तुझं तुलाच कळंल कुठं काय जातंय.

म्हणून माझा क्रम असा राहील की आधी हार्डडिस्क काढून २४०-२५६ जीबीची साटा एसएसडी टाक, मग डीडीआर-३ रॅमची अजून एक ४ जीबीची स्टिक मिळती का ते राजारामपुरीत चौकशी कर, आणि मग विंडो मॅनेजर. एसएसडीनं जो फरक पडतो तो कुठल्याही सॉफ्टवेअरनं पडत नाही, कारण रॅम भरली की मशीन स्वॅपवर जातं, म्हणजे रॅममधलं डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि फिरणाऱ्या डिस्कवरचं स्वॅप म्हणजे माऊस पण हलेना होतो. खर्च लगेच नको असेल तर झेड-रॅम लाव, डेबियनमध्ये झेड-रॅम-टूल्स नावाचं पॅकेज आहे, त्याच्या सेटिंगच्या फायलीत टक्के ५० कर, की रॅमचाच एक भाग दाबून ठेवलेलं स्वॅप म्हणून वापरला जातो, साधारण दोन-तीन पट डेटा त्यात बसतो आणि डिस्ककडं जावंच लागत नाही. त्याच्या जोडीला अर्लीऊम टाक. हा प्रोग्राम रॅम आणि स्वॅप दोन्ही संपत आले की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम बंद करतो, म्हणजे ब्राउझरचा एखादा टॅब मरंल पण अख्खं मशीन गोठून ताईचं अर्धवट बिल जाणार नाही. ही दोन पॅकेजं मी ४ जीबीच्या प्रत्येक मशीनवर न विचारता टाकतो.

मग ओपनबॉक्स कशाला, असं विचारशील. कारण तो तुझं ऐकतो. एकदा लावला की अपडेट आलं म्हणून बटणं इकडची तिकडं होत नाहीत, मागं नको ते काही चालत नाही, आणि तीन टेक्स्ट फायली कॉपी केल्या की दुसऱ्या मशीनवर तसंच्या तसं उभं राहतं. वर्कशॉपच्या ऑफिसात रोज तीच पाच कामं करायची असतात, तिथं हे लई मोलाचं आहे.

एक्सएफसीई काढून टाकू नको हं, अजिबात नको. लॉगिनच्या स्क्रीनवर सेशन निवडायला दोन्ही राहू देत. ओपनबॉक्सच्या फायलीत काही गडबड झाली तर पाच मिनिटात एक्सएफसीईमध्ये जाऊन दुरुस्त करता येतं, आणि शिवाय त्याचेच सुटे भाग आपण इथं वापरणार आहे.

फायली कुठं असतात ते सांगतो. होम फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग, त्याच्या आत ओपनबॉक्स नावाचा फोल्डर कर, आणि सिस्टिमच्या ईटीसी फोल्डरमधल्या एक्सडीजीखाली ओपनबॉक्सचा जो फोल्डर आहे त्यातल्या फायली इकडं कॉपी कर. आरसी डॉट एक्सएमएल म्हणजे शॉर्टकट, माऊस आणि खिडक्यांचे नियम, मेनू डॉट एक्सएमएल म्हणजे राइट क्लिकचा मेनू, ऑटोस्टार्ट म्हणजे लॉगिन झाल्यावर काय काय चालू करायचं. मूळ फायलींना हात लावायचा नाही, आपली कॉपीच बदलायची.

तुझे निम्मे प्रश्न ऑटोस्टार्टमध्येच सुटतात. ही साधी शेल स्क्रिप्ट आहे, एका ओळीत एक प्रोग्राम, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी & पाहिजेच. हे चिन्ह विसरलं तर तो प्रोग्राम बंद होईपर्यंत पुढची ओळ चालतच नाही, म्हणजे पॅनल येतं पण वायफायचा आयकॉन येत नाही आणि माणूस वायफायचा ड्रायव्हर शोधत बसतो. अजून एक, ही फाइल ओपनबॉक्स-सेशन नावाची कमांडच वाचते. लॉगिन स्क्रीनवरून ओपनबॉक्स निवडलास तर तीच चालते, पण कुणाचं बघून एक्सइनिटआरसीमध्ये (टर्मिनलवरून एक्स चालू करताना वाचली जाणारी फाइल) नुस्तं ओपनबॉक्स लिहिलंस तर खिडक्या येतील आणि ऑटोस्टार्टमधलं काहीच चालणार नाही.

त्यात काय काय लिहायचं? पॅनलपासून धरू. मी माझ्या मशीनवर टिंट-टू वापरतो, हलकं आहे, एका टेक्स्ट फायलीत सगळं मावतं. पण तुझ्याकडं बाकीची माणसं बसतात, त्यांना डावीकडं मेनूचं बटण लागतंच, म्हणून तू सरळ एक्सएफसीईचंच पॅनल चालव, एक्सएफसीई-फोर-पॅनल अशी कमांड आहे, आधीच इन्स्टॉल आहे, ताईला ओळखीचं आहे, आवाजाचा प्लगइन त्यातच आहे म्हणजे तो प्रश्न पण मिटला. रॅम थोडी जास्त जाईल, जाऊ दे की. एवढं ध्यानात ठेव की त्यातलं लॉगआउटचं बटण एक्सएफसीईच्या सेशनला विचारायला जातं आणि ते सेशन इथं चालू नसतं, त्यामुळं ते बटण काढून टाक, बंद करायची सोय आपण राइट क्लिकमध्ये करू. आणि दोन पॅनल एकदम चालू करू नको, सिस्टिम ट्रे एका वेळी एकाच पॅनलला मिळतो, दुसऱ्यात आयकॉन दिसत नाहीत आणि उगाच शोधाशोध होती.

वायफायला एनएम-ॲपलेट, म्हणजे पॅनलमधला वायफायचा आयकॉन. इथं एक बारीक गोष्ट आहे: हे ॲपलेट स्वतःची एक ऑटोस्टार्टची नोंद सिस्टिममध्ये टाकून ठेवतं, आणि ओपनबॉक्स-सेशन अशा नोंदी वाचू शकतो, पण पायथनचं एक्सडीजी नावाचं छोटं पॅकेज असलं तरच. म्हणून एकाच्या मशीनवर काही न लिहिता आयकॉन येतो आणि दुसऱ्याच्या येत नाही, आणि दोघं एकमेकांना चुकीचं ठरवत बसतात. तुझ्याकडं येत नाही म्हणजे ते पॅकेज नाही. मी म्हणतो नकोच टाकू, जे पाहिजे ते हातानं लिही, म्हणजे काय चालू आहे ते तुला माहीत राहतं.

मग पॉलकिटचा, म्हणजे परवानग्या बघणाऱ्या यंत्रणेचा, एजंट, एलएक्स-पॉलकिट चालंल. वायफायचा नवा पासवर्ड सेव्ह करताना किंवा प्रिंटर जोडताना ‘परवानगी नाही’ असं येऊन गप्प होतं ना, त्याचं कारण हेच, की पासवर्ड विचारायची खिडकी उघडणारं कुणी नाही. बरेच लोक या एका ओळीसाठी ओपनबॉक्स सोडून जातात.

पेनड्राइव्हसाठी थुनार, म्हणजे एक्सएफसीईचा फाइल मॅनेजर, डेमन मोडमध्ये (मागं गपचूप चालू राहील असा) चालव, म्हणजे थुनारपुढं --डेमन, आणि थुनार-व्होलमन पॅकेज आहे का बघून त्याच्या सेटिंगमध्ये काढता-घालता येणारे ड्राइव्ह आपोआप माउंट करायला, म्हणजे जोडून वापरायला तयार करायला, टिक कर. थुनारला ड्राइव्ह दिसायला जीव्हीएफएस हे पॅकेज पण पाहिजे, आणि मोबाइल केबलनं लावून फोटो घ्यायचे असतील तर जीव्हीएफएस-बॅकएंड्स. तू जी-कोड, म्हणजे मशीनिंगचा प्रोग्राम, पेनड्राइव्हवर टाकून व्हीएमसी मशीनकडं नेतोस म्हणून मुद्दाम सांगतो, कॉपीची पट्टी संपली म्हणजे लिहून झालं असं नसतं, लिनक्स थोडा डेटा रॅममध्येच धरून ठेवतो आणि मागून लिहितो. थुनारमध्ये इजेक्ट कर, झालं असं म्हणाल्यावरच काढ. अर्धवट जी-कोड मशीनवर गेला तर नुकसान कॉम्प्युटरचं नाही, जॉबचं होतं, टूलचं होतं. हे ताईला आणि भावाला पण समोर बसवून दाखव.

पुढचं क्लिपमन, म्हणजे एक्सएफसीई-फोर-क्लिपमन. हे कुणाच्या लक्षातच येत नाही. एक्समध्ये कॉपी केलेला मजकूर हा ज्या प्रोग्राममधून कॉपी केला त्याच्याकडंच असतो, तो प्रोग्राम बंद केला की मजकूर गेला. पीडीएफमधून पार्ट नंबर कॉपी केला, पीडीएफ बंद केलं, बिलात पेस्ट केलं तर रिकामं. क्लिपबोर्डचा मॅनेजर चालू असला की तो स्वतःकडं एक प्रत ठेवतो.

आणि एक्सएफ-सेटिंग्ज-डी ही पण ओळ टाक, म्हणजे एक्सएफसीईमध्ये लावलेले फॉन्ट आणि थीम इथंही येतील, नाहीतर सगळ्या खिडक्या जुनाट आणि बारीक अक्षराच्या दिसतात. ते नको असेल तर एलएक्स-अपिअरन्समधून एकदा सेट करून मोकळा हो. वॉलपेपर पाहिजेच असेल तर फेह, नाहीतर एक्ससेटरूटनं एक गडद रंग द्यायचा, मला तर रंगच बरा वाटतो.

पिकॉमसारखा कॉम्पोझिटर मात्र टाकू नको. सावल्या आणि पारदर्शक खिडक्या जुन्या इंटेल ग्राफिक्सवर नको तिथं ताण देतात. व्हिडिओ बघताना चित्र मधेच आडवं फाटल्यासारखं दिसलं तरच त्याचा विचार कर.

आता मराठी. इथं जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडं खरी अडचण इथंच येते. आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम) आणि आयबस-एमसेव्हनटीनएन ही पॅकेजं टाक, मग आयएम-कॉन्फिग कमांड -एन आयबस असं देऊन एकदा चालव आणि लॉगआउट होऊन परत ये. डेबियनमध्ये ही कमांड लागणारे एन्व्हायर्नमेंटचे तिन्ही व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामांना टायपिंग कुणाकडून घ्यायचं ते सांगणारी सेटिंग, स्वतः लावते आणि आयबस चालू पण करते, त्यामुळं ऑटोस्टार्टमध्ये वेगळी ओळ लागत नाही. कुठंतरी वाचून ऑटोस्टार्टमध्ये ते व्हेरिएबल हातानं लिहिणं आणि आयएम-कॉन्फिग दोन्ही करू नको, एकच कर. मग आयबस-सेटअपमधून मराठी निवड. ताई टायपिंगची परीक्षा दिलेली असेल तर तिला तिच्या सवयीचा लेआउट यादीत मिळतो का ते तिलाच बघू दे, तुला फोनेटिक बरं पडंल. भाषा बदलायची की विंडोजचं बटण आणि स्पेस अशी असते, ओपनबॉक्समध्ये तीच की दुसऱ्या कामाला बांधू नको, दोघांची भांडणं लागतात.

लिब्रेऑफिसमध्येच मराठी उमटेना आणि ब्राउझरमध्ये उमटतंय असं झालं तर लिब्रेऑफिस-जीटीके-थ्री पॅकेज नाही असं समज. फॉन्टसाठी नोटो किंवा लोहित देवनागरी, दोन्ही डेबियनमध्ये आहेत. आणि फायलींची नावं मराठीत ठेवत असशील तर प्रोग्राम उघडायला डीमेनू घेऊ नको, तो अक्षरं एकापुढं एक मांडतो, जोडाक्षरं आणि रफार तुटून दिसतात. रोफी घे, तो पँगो ही अक्षरं नीट जोडून मांडणारी लायब्ररी वापरतो म्हणून देवनागरी नीट येतं. एक्सटर्म या टर्मिनलचं पण तेच, त्यात मराठी वाचायला जाऊ नको. ओपनबॉक्सच्या टायटलबारवर आणि पॅनलवर मात्र काही अडचण येत नाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या डीटीपीच्या फायली आणि टॅली, ही कामं या मशीनवर आणूच नको, टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ते जिथं चालतंय तिथंच राहू दे. डिजिटल सहीचं टोकन वापरत असशील तर त्याचं लिनक्सचं ड्रायव्हर आधी चालवून बघ आणि मगच जुनं विंडोजचं मशीन हलव.

मेनूकडं वळू. मेनू डॉट एक्सएमएलमध्ये लोक शंभर प्रोग्रामची आपोआप यादी बनवायला बघतात, तुला गरज नाही. सहा ओळी कर: बिलं, ड्रॉइंग, ब्राउझर, जीएसटी, पेनड्राइव्ह, बंद करा. नावं सरळ मराठीत लिही, फाइल युटीएफ-एटमध्ये सेव्ह झाली की झालं. ‘बिलं’वर क्लिक केलं की लिब्रेऑफिस थेट बिलाच्या टेम्प्लेटसकट उघडलं पाहिजे, ‘ड्रॉइंग’वर क्लिक केलं की ड्रॉइंगचा फोल्डर, असं कमांडमध्येच फाइलीचा पत्ता देऊन टाक. नवीन माणूस आला तरी त्याला काही शिकवावं लागत नाही. ‘बंद करा’ला सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ द्यायचं, आणि एक्झिक्यूट ॲक्शनमध्ये प्रॉम्प्ट नावाचा टॅग घालून ‘नक्की बंद करायचं?’ असं लिहायचं, म्हणजे चुकून क्लिक झालं तर आधी विचारंल. ओपनबॉक्सचं स्वतःचं लॉगआउट फक्त सेशन संपवतं, मशीन बंद करत नाही.

एक काळजी घे. वेबसाइटचा पत्ता मेनूत टाकताना त्यात & असलं तर एक्सएमएलमध्ये ते तसंच चालत नाही, त्याच्या पुढं एएमपी ही तीन अक्षरं आणि अर्धविराम लागतो, नाहीतर अख्खी फाइलच वाचली जात नाही. ऑटोस्टार्टमध्ये जे चिन्ह प्रत्येक ओळीला पाहिजेच तेच इथं उघडं लिहिलं की मेनू गायब, म्हणून लक्षात ठेव. फाइल बदलली की आधी एक्सएमएल-लिंटनं तपासायची, मग ओपनबॉक्स --रिकॉन्फिगर. या कमांडनं मेनू आणि शॉर्टकट नव्यानं वाचले जातात, ऑटोस्टार्ट परत चालत नाही, त्याला लॉगआउट-लॉगिनच लागतं.

आरसी डॉट एक्सएमएल ही मोठी फाइल आहे, बघून घाबरू नको, तुला तिच्यातल्या चार-पाच जागाच बदलायच्यात. आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा शॉर्टकटची नाही, माऊसची आहे. मूळ सेटिंगमध्ये चार डेस्कटॉप असतात, आणि मोकळ्या डेस्कटॉपवर माऊसचं चाक फिरवलं की पुढच्या डेस्कटॉपवर जातं. तुला-मला हे सोयीचं, पण ताईनं चुकून चाक फिरवलं की तिच्या दृष्टीनं सगळं बिल गायब! मग ती मशीन बंद करून चालू करते, आणि न सेव्ह केलेलं सगळं जातं. म्हणून डेस्कटॉप्सच्या भागात नंबर १ कर. तसंच टायटलबारवर चाक फिरवलं की खिडकी गुंडाळली जाऊन नुस्ती पट्टी उरते, तो पण माऊसबाइंड (माऊसच्या क्रियेला काम बांधणारी नोंद) टायटलबारच्या कॉन्टेक्स्टमधून उडवून टाक. चार माणसं वापरतात त्या मशीनवर एवढे दोन बदल केले तर ‘कॉम्प्युटर बिघडला’चे फोन खरंच कमी होतात.

माऊस नेईल तिथं फोकस, हा फॉलो-माऊसचा पर्याय पण तिथं बंदच ठेव. एकट्यानं वापरायच्या मशीनवर तो मला लई आवडतो, २०० मिलिसेकंदाचा फोकस-डिले आणि रेझ-ऑन-फोकस बंद असं ठेवलं की ड्रॉइंग पुढं ठेवून मागच्या खिडकीत टाइप करता येतं. पण सवय नसलेल्या माणसाचं टायपिंग भलत्याच खिडकीत जातं.

शॉर्टकटमध्ये डब्ल्यू म्हणजे विंडोजचं बटण, ए म्हणजे ऑल्ट, सी म्हणजे कंट्रोल, एस म्हणजे शिफ्ट. विंडोज आणि ई दाबलं की काहीच होत नाही असं तुला दिसलं असंल, कारण मूळ फायलीत ती की केडीईच्या जुन्या फाइल मॅनेजरला बांधलेली असते जो तुझ्याकडं नाही, तिथं थुनार लिही. प्रिंट-स्क्रीनच्या कीला एक्सएफसीईचा स्क्रीनशूटर. आणि तुझ्या कामाचा खरा शॉर्टकट म्हणजे अर्धी-अर्धी स्क्रीन: विंडोज आणि डावा बाण दाबला की खिडकी डावीकडं अर्ध्यात, उजवा बाण दाबला की उजवीकडं अर्ध्यात. त्यासाठी एका कीबाइंडमध्ये, म्हणजे शॉर्टकटच्या नोंदीत, दोन ॲक्शन लागोपाठ लिहायच्या, पहिली अनमॅक्सिमाइझ, दुसरी मूव्ह-रिसाइझ-टू, त्यात एक्स ०, वाय ०, रुंदी ५० टक्के, उंची १०० टक्के. उजवीकडंसाठी एक्सच्या जागी -०, म्हणजे उजव्या कडेपासून शून्य. पहिली ॲक्शन विसरलास तर मोठी केलेली खिडकी अर्धी झाल्यावर ओपनबॉक्सच्या हिशेबात अजून मोठीच राहते आणि नंतर विचित्र वागते. एकदा हे बसलं की डावीकडं ग्राहकाचं ड्रॉइंग, उजवीकडं कोटेशन, डायमेन्शन बघत बघत रेट टाकायचा, नादच खुळा.

खिडक्यांचे नियम फायलीच्या शेवटी ॲप्लिकेशन्सच्या भागात लिहायचे. ब्राउझर कायम मोठा उघडावा, कॅल्क्युलेटर कायम वर राहावा, असं. त्यासाठी खिडकीचं आतलं नाव लागतं, टर्मिनलमध्ये ओबीएक्सप्रॉप चालवायचं आणि त्या खिडकीवर क्लिक करायचं, ओबी-ॲप-क्लास म्हणून जे येतं ते जसंच्या तसं नियमात लिहायचं, अंदाजानं लिहू नको. ज्याला फायलीत हात घालायचाच नाही त्याला ओबीकॉन्फ आहे, थीम, फॉन्ट, डेस्कटॉपची संख्या एवढं त्यातून होतं.

आय-थ्री (प्रोसेसर नव्हे, त्याच नावाचा विंडो मॅनेजर) किंवा डीडब्ल्यूएम का नको, असं पण तू शेवटी विचारलंयस. ते टायलिंगचे आहेत, खिडक्या स्वतः जागा वाटून घेतात, सगळं कीबोर्डवर. दोन्ही उत्तम आहेत, कोड लिहिणाऱ्या माणसानं आय-थ्री जरूर शिकावा, डीडब्ल्यूएमची तर सेटिंग सी भाषेच्या हेडर फायलीत करून परत कंपाइल करावी लागते. पण ताईला तू कीबोर्डचे वीस शॉर्टकट पाठ करायला लावणार आहेस का? मशीन तिनं वापरायचंय.

आणि ओपनबॉक्स जुना झाला का? त्याची ३.६.१ ही आवृत्ती २०१५ ची आहे, त्यानंतर नवी नाही, हे खरं. तो फक्त एक्सवर चालतो, वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी येणाऱ्या नव्या यंत्रणेवर, नाही. पण डेबियन १३ मध्ये तो आहे, म्हणजे तुझ्या या मशीनचं आयुष्य त्यावर आरामात निघंल. पुढं वेलँडवर जायची वेळ आली तर लॅबडब्ल्यूसी बघायचा, तो ओपनबॉक्सच्याच वळणावर बांधलाय, आरसी डॉट एक्सएमएल आणि मेनू डॉट एक्सएमएल अशाच फायली वाचतो, बरेचसे नियम आणि शॉर्टकट तसेच चालतात. रास्पबेरी पाय ओएसनं ऑक्टोबर २०२४ पासून तोच धरलाय. तेव्हा आज लिहिलेली फाइल वाया जाणार नाही, ती पेनड्राइव्हवर एक आणि मेलवर एक अशी ठेव.

सुरुवात अशी कर: आज फक्त ऑटोस्टार्ट लिही आणि दोन दिवस वापर. त्या दोन दिवसात ताईला काय अडलं ते तिलाच कागदावर लिहायला सांग, मग मेनू आणि शॉर्टकट त्या कागदावरून कर, माझ्या यादीवरून नाही. मधेच स्क्रीन काळी पडून अडकलास तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट लॉगिन कर, ओपनबॉक्सच्या फोल्डरचं नाव बदल, परत लॉगिन केलंस की मूळ सेटिंगवर येशील. तरीही काही चालू होईना तर होम फोल्डरमध्ये डॉट एक्ससेशन-एरर्स नावाची फाइल असते तिच्या शेवटच्या तीस-चाळीस ओळी आणि तुझा ऑटोस्टार्ट जसाच्या तसा इथं टाक, बघून सांगतो.